धावपट्टीवरचा कौल

शिकाऊ वैमानिकाचं विमान टेक-ऑफ घेताना आपटलं, की पेपरात चार ओळींची बातमी येते. विमान कोणतं, मुलाचं वय काय, लागलं किती, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: तांत्रिक बिघाड असावा. म्हापशाच्या बसमध्ये ती वाचणारा शेजारच्याला म्हणतो, "इंजिन बंद पडलं असणार." शेजारचा मान हलवतो आणि विषय संपतो. मला या चार ओळींचं वाईट वाटतं. ज्या घरातलं पोर आज बेळगावला नाहीतर बारामतीला विमान शिकायला गेलंय, त्या घराला त्यातून काहीच कळत नाही. टेक-ऑफच्या कितीतरी अपघातांत इंजिन शेवटपर्यंत धडधाकट चालत असतं. बिघडतं ते धावपट्टीवरच्या वीस-पंचवीस सेकंदांत, आणि त्याची मुळं बहुतेक वेळा त्याआधीच्या अर्ध्या तासात असतात.

गोव्याने हे मोठ्या विमानांच्या बाबतीत पाहिलंय. २७ डिसेंबर २०१६ च्या पहाटे दाबोळी विमानतळावर मुंबईला निघालेलं बोइंग ७३७ वेग घेतानाच धावपट्टी सोडून बाहेर गेलं. दोन इंजिनांचा जोर असमान वाढला होता. त्यानंतर वर्षभराने, ३ जानेवारी २०१८ ला, त्याच दाबोळीवर नौदलाचं मिग-२९के टेक-ऑफ घेताना धावपट्टीबाहेर गेलं आणि पेटलं. आत शिकाऊ वैमानिक होता. त्याला त्याच्या खुर्चीने बाहेर फेकलं, म्हणून तो वाचला. सेस्ना १५२ या शिकवण्याच्या दोन सीटच्या छोट्या विमानात बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला तसली खुर्ची नसते. तिच्या उजव्या हातात थ्रॉटलचा काळा गोळा असतो. आत ढकलला की जोर, बाहेर ओढला की जोर बंद. टेक-ऑफच्या धावेत तिचा जीव त्या गोळ्यावर असतो, आणि तो ओढायचा कधी, हे तिने धाव सुरू होण्याआधीच ठरवून ठेवायला हवं.

आपल्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवळात गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की डावी पडली तर मुकाट्याने मान्य करायची, हट्ट धरायचा नाही. टेक-ऑफची धाव मला अशीच वाटते. थ्रॉटल आत ढकललं तेव्हा गाऱ्हाणं घालून झालं. उत्तर अजून यायचंय, आणि ते सुया, आवाज आणि पाय देणार आहेत. अपघात होतात ते उत्तर आधीच गृहीत धरल्यामुळे. तासाचे पैसे भरलेले असतात, मागे दोन विमानं रांगेत उभी असतात, टॉवरने परवानगी दिलेली असते, ढग येण्याआधी सर्किट, म्हणजे विमानतळाभोवतीची फेरी, उरकायचं असतं. एवढं सगळं जमून आल्यावर डावी पाकळी दिसली तरी डोळे ती वाचत नाहीत.

समजा, डिचोलीची एक मुलगी बेळगावला सांबऱ्याच्या विमानतळावर शिकतेय. भारतात स्टुडंट पायलट लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं, कमर्शियल अठराव्या वर्षी आणि किमान २०० तासांनंतर. हिचे वीसेक तास झालेत. एप्रिलची दुपार आहे, तापमान ३६ अंश. घरी, डिचोलीत, हेच ऊन तिने लहानपणापासून सोसलंय, त्यामुळे तिला त्यात वेगळं काही वाटत नाही. विमानाला मात्र वाटतं.

हिशेब सोपा आहे. समुद्रसपाटीला हवेचं प्रमाण तापमान १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना ते साधारण २ अंशांनी उतरतं. प्रमाणापेक्षा जेवढे अंश जास्त, तेवढे १२० फूट उंचीत मिळवायचे. दाबोळीची उंची सुमारे १८४ फूट. तिथे ३३ अंश असतील तर हवा २,४०० फुटांवर असावी तेवढी विरळ होते. म्हणजे बेळगाव प्रत्यक्षात जेवढं उंच आहे, तेवढी दाबोळी उन्हाळ्यात हवेच्या हिशेबाने उंच होऊन बसते. आणि बेळगाव? तिथली उंची अडीच हजार फुटांच्या जवळ, तिथलं प्रमाण तापमान १० अंश, आज २६ अंश जास्त. बेरीज ५,६०० फूट. कळसूबाईच्या शिखराहूनही वर. १५२ चं ११० अश्वशक्तीचं इंजिन त्या हवेत नव्वदेक अश्वशक्ती देतं. प्रोपेलरला कापायला हवा कमी, पंखांना उचलायला हवा कमी. विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे ३० अंशांना समुद्रसपाटीवर धाव सुमारे २५० मीटर आणि ५० फुटांचा अडथळा पार करायला एकूण साडेचारशेच्या वर. बेळगावच्या उंचीला नुसती धावच ३०० मीटर ओलांडते, आणि ऊन चढेल तशी आणखी लांबते. हे आकडे नव्या विमानाचे, हाताळणाऱ्या मुरलेल्या वैमानिकाचे. हजारो तास वापरलेल्या शाळेच्या विमानाला त्यावर निदान तिसरा हिस्सा वाढवून धरणं मला शहाणपणाचं वाटतं.

विरळ हवेतली खरी फसवणूक धावेच्या लांबीत नसते. धावपट्टी दोन किलोमीटरची असेल तर पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे कोणाला लागत नाहीत. फसतात डोळे. एअरस्पीडची, म्हणजे हवेतल्या वेगाची, सुई हवेचा दाब मोजते, म्हणून पंखाला हवा तो ५० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) आकडा दाखवायला विमानाला जमिनीवर ५४ नॉटने पळावं लागतं. बाजूचं गवत, पांढऱ्या खुणा, दिवे नेहमीपेक्षा जोरात मागे जाताना दिसतात. मुलीला वाटतं, वेग आला. सुई अजून ४५ वर असते. ती योक, म्हणजे नाक वर-खाली करायचं चाक, ओढते, नाक वर येतं, विमान उठतंही, कारण जमिनीच्या अगदी लगत, पंखांच्या एका लांबीएवढ्या उंचीच्या आत, हवा खालून दबते आणि ओढ कमी होते. त्या १०-१२ मीटरच्या थरात विमान कमी वेगातही तरंगतं. त्याच्या वर गेलं की हा आधार सुटतो. विमान बसू लागतं, मुलगी आणखी ओढते, स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल सुटत असल्याची, शिट्टी वाजते, एक पंख आधी पडतो. इंजिन या सगळ्या वेळात पूर्ण जोराने चालू असतं. बातमीतला तांत्रिक बिघाड तो हाच.

इथे करायची गोष्ट मनाला अजिबात पटत नाही. विमान खाली बसतंय आणि नाक खाली ढकलायचं. दोन-तीन अंशच, जेमतेम, जमिनीला समांतर धावत सुई वाढू द्यायची आणि मग चढायचं. १५२ मध्ये ६७ नॉट हा चांगल्या चढणीचा वेग. तो येईपर्यंत नाकाला हात लावायचा नाही. हे एकदा सांगून भागत नाही. शेजारी इन्स्ट्रक्टर बसवून, लांब धावपट्टीवर, पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं.

आता पायांकडे येऊ, कारण धावेतले बरेच घोळ पायांत असतात. थ्रॉटल पूर्ण दिलं की विमान डावीकडे ओढतं. इंजिन प्रोपेलरला एका बाजूला फिरवतं, त्याची प्रतिक्रिया डाव्या चाकावर भार टाकते. प्रोपेलरमागची हवा गोल फिरत येऊन शेपटीच्या उभ्या पंखाला डाव्या बाजूने मारते. नाक उचललं की प्रोपेलरचं खाली उतरणारं पातं जास्त हवा कापतं आणि ओढ आणखी वाढते. उपाय एकच, उजवा रडर, म्हणजे शेपटीचा उभा पंख वळवणारं उजवं पेडल, आणि तो धावेभर बदलता. सुरुवातीला बराच, वेग वाढेल तसा कमी, नाक उचलताना पुन्हा जास्त. नवा विद्यार्थी विमान डावीकडे गेल्याचं उशिरा पाहतो, मग उजवा पाय एकदम दाबतो, विमान उजवीकडे उसळतं, मग डावा. धावपट्टीवर सापासारखी वळणं उमटतात आणि प्रत्येक वळण आधीच्यापेक्षा मोठं असतं. त्यात वारा डावीकडून असेल तर शेपूट वाऱ्याने ढकलली जाऊन नाक आणखी डावीकडे वळतं आणि दोन्ही ओढी एकाच दिशेला मिळतात. पावसाळ्याआधीच्या दुपारी वारा झटक्याझटक्याने येतो. १५२ च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा दाखवून दिलेला आकडा १२ नॉटचा आहे. पहिल्या वीस तासांच्या विद्यार्थ्याने त्याच्या निम्म्यावर थांबावं.

पाय कसे ठेवायचे हेही नीट दाखवायला हवं. टाचा जमिनीवर, बोटांखालचा भाग पेडलच्या खालच्या कडेवर. पेडलच्या वरच्या भागात ब्रेक असतो. पाय वर सरकला की रडर देताना नकळत ब्रेक लागतो, एका चाकाचा टायर घासतो आणि विमान तिकडेच खेचलं जातं. जाड तळव्याचे स्पोर्ट्स शूज घातले की हे कळतच नाही. पातळ तळव्याचे, घट्ट बसणारे बूट हवेत. एवढीशी गोष्ट आहे, पण डिस्पर्सलवर, म्हणजे विमानं लावायच्या जागेवर, उभ्या विमानांचे टायर पाहिले तर एका बाजूला घासलेला चट्टा दिसतो, आणि त्या शाळेत पाय कसे शिकवले जातात ते समजतं.

तिसऱ्या-चौथ्या वळणाला काय करायचं, याचं उत्तर पाय देऊ शकत नाहीत. काळा गोळा बाहेर. जोर गेला की डावी ओढही जाते, कारण ती जोरामुळेच होती. विमान आपसूक सरळ होऊ लागतं, मग हलकेच ब्रेक. गवतात गेलं तरी ३० नॉटने गेलेलं विमान नाकाचं चाक वाकवून थांबतं. वळणं घेत घेत, कसंतरी उचलून, ४५ नॉटला तिरपं हवेत गेलेलं विमान पंख टेकवतं.

एक भाग मला जवळून दाखवायचाय, कारण तो मोटारीतल्यासारखा दिसतो आणि म्हणून त्याकडे कोणी बघत नाही. सेस्नाची सीट दोन रुळांवर पुढेमागे सरकते. रुळाला ओळीने भोकं असतात. सीटखालचा दांडा उचलला की पिन वर येते, सीट सरकवायची, दांडा सोडला की पिन भोकात बसते. बसायला हवी. वर्षानुवर्षांच्या वापराने भोक गोलाचं लांबट होतं, पिन झिजते, रुळात लाल माती आणि गंज साचतो. गोव्याच्या खाऱ्या हवेत तर गंजाला निमित्त लागत नाही. पिन अर्धवट बसली तरी उभ्या विमानात सीट हलत नाही. थ्रॉटल दिलं, नाक वर आलं, भार मागे गेला, की सीट सटकन मागे जाते. माणूस पडताना हाताशी असेल ते धरतो, आणि हाताशी योक असतो. सीट मागे, योक मागे, नाक आभाळाकडे. पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत. ५० फुटांवर हे झालं तर सावरायला जागाच नसते. यात माणसं गेली आहेत. १९८७ साली अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमानवाहतूक नियामकाने, सेस्नाच्या सीट-रुळांच्या तपासणीचा सक्तीचा आदेश काढला, २०११ साली त्याची नवी आवृत्ती आली. दर शंभर तासांनी भोकांची झीज, पिन किती आत जाते, रुळाला तडा आहे का, हे सगळं पाहायचं असतं.

पण मेकॅनिकने पाहिलं म्हणून बसणाऱ्याने सोडून द्यायचं नसतं. सीट लावल्यावर दोन्ही पायांनी पेडलवर रेटा देऊन पाठ मागे आपटायची, मग पुढे, मग पुन्हा मागे. खट् असा आवाज कानाने ऐकायचा. धावपट्टीवर वळण्याआधी परत एकदा. आणि मनाला आधीच बजावायचं, की सीट सरकली तर योक सोडायचा, योक हा धरायचा दांडा नव्हे. विमान नीट ट्रिम केलेलं, म्हणजे हात न लावता सरळ राहील असं लावलेलं, असेल तर त्या दोन सेकंदांत ते स्वतःला सांभाळतं.

इंधनाचं थोडक्यात. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर पाणी आत जातं. अर्धी रिकामी टाकी रात्रभर दमट हवेत उभी राहिली तरी आतून थेंब धरतात. पाणी जड, तळाशी बसतं, म्हणून रोज सकाळी उडण्याआधी तळाच्या तोट्यांतून नमुना काढून उजेडात धरायचा. एव्हीगॅस, म्हणजे या विमानांचं इंधन, निळसर असतं, पाण्याचा थेंब खाली मण्यासारखा वेगळा दिसतो. पूर्ण नमुना पाण्याचाच असला तर वेगळं काही दिसत नाही, तिथे फसगत होते. म्हणून रंग आणि वास दोन्ही पाहायचे. इंधनाची चावी चुकून बंद राहिली तर इंजिन लगेच थांबत नाही, नळ्यांत आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या इंधनावर ते टॅक्सी करतं, कधी कधी हवेतही नेतं, आणि मग गप्प होतं.

त्याहून लपून येतो तो कार्ब्युरेटरमधला बर्फ. गोव्यात बर्फ म्हटलं की लोक हसतात. कार्ब्युरेटरच्या गळ्यातून इंधन उडून जाताना हवा तीसेक अंशांनी, कधी त्याहूनही जास्त थंड होते. बाहेर जुलैतले २६ अंश आणि ओली चिंब हवा असेल तर तिथे शून्याखाली उतरायला वेळ लागत नाही. थ्रॉटल जेवढं मिटलेलं, तेवढं हे जास्त. म्हणजे रांगेत दहा मिनिटं कमी आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) उभं राहिलेलं विमान आतून गोठू लागलेलं असतं, आणि वैमानिक घामाने निथळत बसलेला असतो. निघण्याआधी कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, ओढून पाहायची. आरपीएम थोडा पडतो. मग इंजिन खोकून आरपीएम वर चढला, तर समजायचं की बर्फ होता आणि तो वितळला. नंतर हीट आठवणीने बंद करायची, नाहीतर पूर्ण जोर मिळणार नाही.

पिटो नळीची गोष्ट कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. कुंभारीण माशी घरात किल्लीच्या भोकात, पेनच्या टोपणात मातीचं घर करते. पंखाखालची, एअरस्पीडच्या सुईला हवा पोचवणारी पिटो नळी तिला तसलंच भोक. टोपी न घालता विमान दोन दिवस उभं राहिलं, की नळी लिंपली जाते आणि धावताना एअरस्पीडची सुई जागची हलत नाही. म्हणून धाव सुरू झाल्यावर मोठ्याने म्हणायचं असतं: एअरस्पीड अलाइव्ह. सुई मेलेली असेल तर थ्रॉटल बंद. हवेत जाऊन बघू, ही त्या क्षणी सुचणारी सगळ्यांत वाईट कल्पना. घरट्याविना उघड्या सड्यावर टिटव्यांची अंडी असतात, पावसाच्या पहिल्या सरीनंतर किड्यांमागे घारी उतरतात. धावपट्टीच्या कडेला त्यांच्यावरही नजर ठेवावी लागते, त्यांच्याबद्दल एवढंच.

थांबायचं कुठे, याला एक जुना ठोकताळा आहे. ठरवलेल्या अंतराच्या निम्म्यावर उड्डाणवेगाचा ७० टक्के वेग हवा. वेगाचा वर्ग अंतराबरोबर वाढतो आणि ०.७ चा वर्ग जवळजवळ अर्धा, म्हणून हे जुळतं. १५२ मध्ये ५० नॉटला नाक उचलायचं असेल तर निम्म्यावर ३५ हवेत. पण हे अंतर धावपट्टीचं नव्हे, स्वतः हिशेबाने काढलेल्या धावेचं घ्यायचं. दाबोळीची धावपट्टी ३,४०० मीटरच्या घरात आहे. तिचं निम्मं धरलं तर मरायला टेकलेलं इंजिनही तिथवर ३५ नॉट देईल. त्यापेक्षा कडेचे दिवे मोजावेत. ते एकमेकांपासून जास्तीत जास्त ६० मीटरवर असतात. धाव ३६० मीटर धरली असेल तर तिसऱ्या दिव्याशी ३५. नसतील तर डावा कौल.

हे सगळं उजवं झालं, विमान चढू लागलं, आणि ३०० फुटांवर इंजिन खरोखरच थांबलं, तर? तेव्हा मनात एकच ओढ उठते: मागे. मागे ती लांब, सपाट, ओळखीची धावपट्टी आहे. आपल्यात घरातून निघाल्यावर मागे फिरू नये म्हणतात. त्याचं कारण कोणी सांगत नाही, इथे मात्र ते आकड्यांत सांगता येतं. १५२ चा इंजिनविना वेग ६० नॉट. ३० अंश कलवून वळलं तर वर्तुळाचा व्यास साडेतीनशे मीटरच्या आसपास येतो. म्हणजे १८० अंश वळल्यावर धावपट्टी समोर नसते, बाजूला तेवढी लांब असते. तिच्याकडे येऊन पुन्हा सरळ व्हायला एकूण अडीचशेहून जास्त अंश वळावं लागतं, चोवीसेक सेकंद. त्याआधी इंजिन गेलंय हे मनाला पटायला चार सेकंद जातात. मिनिटाला ७००-८०० फुटांनी विमान उतरत असतं. सगळं बिनचूक झालं तरी ४०० फूट जवळजवळ संपतात, आणि हातात ३०० आहेत. वळण संपत नाही म्हणून मुलगी कल वाढवते. ४५ अंशांवर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी. ६० नॉटवरचं विमान तिथे पडतं.

समजा जमलंच, तर वारा आता पाठीमागून आहे. समोरच्या १० नॉट वाऱ्यात सरळ उतरली असती तर जमिनीवर ५० नॉट, वळून उतरली तर ७०. आपटण्याची ताकद वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. थांबायला लागणारं अंतर मात्र लोकांना वाटतं त्याहून कितीतरी कमी असतं. ताशी ८० किलोमीटरवरून, शरीर सोसू शकतं अशा ९ जी च्या (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) सारख्या ब्रेकने, थांबायला तीन मीटरसुद्धा लागत नाहीत. १६० वरून सव्वाअकरा लागतात. म्हणून नाक लगेच खाली, ६० नॉट, आणि समोरच्या पट्ट्यात, दोन्हीकडे ३० अंशांच्या आत, मिळेल ती जागा. पंख मोडले तरी चालतील, त्यांनी धक्का खाल्ला तर बरंच. आतली माणसं बसलेली पेटी सरळ आणि हळू थांबायला हवी.

गोव्यावरून उडताना ती जागा नीट वाचता यायला हवी. वरून सगळं हिरवं मऊ दिसतं. कुळागरं मऊ नसतात, माड आणि पोफळी खांबासारख्या उभ्या असतात. खाडीकाठचं खाजन सपाट, पण तळाला चिखल. नाकाचं चाक रुतलं की विमान कोलांटी खातं, म्हणून शेपूट खाली ठेवून, शक्य तितक्या कमी वेगात, बांधाला समांतर टेकायचं. वायंगणाचं, म्हणजे हिवाळी पिकाचं, उभं भात हे तुलनेने बरं. दाबोळीच्या २६ क्रमांकाच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या धावपट्टीवरून निघालं तर समोर समुद्र. न मिटणाऱ्या चाकांचं विमान पाण्यावर बहुधा उलटतं, त्यामुळे टेकण्याआधी दार उघडून ठेवायचं, म्हणजे चौकट वाकली तरी अडकणार नाही. वेळ असेल तर इंधन बंद, मिक्स्चर (हवा-इंधनाचं प्रमाण ठरवणारा गोळा) ओढलेलं, मॅग्नेटो (प्लगना ठिणगी देणारं यंत्र) बंद, शेवटी मास्टर, म्हणजे विजेचं मुख्य बटण. वेळ नसेल तर विमान सरळ ठेवणं एवढंच काम.

शेतात विमान उतरलं की धावत येणारे पहिले लोक गावचेच असतात, म्हणून त्यांच्यासाठीही लिहितो. सांडलेलं एव्हीगॅस पेट्रोलसारखंच पेट घेतं. विडी, मोटारसायकल, मोबाइलचा फ्लॅश घेऊन गर्दी करू नका. प्रोपेलरला हात लावू नका, थांबलेलं इंजिनही एका झटक्याने फिरू शकतं. माणसांना बाहेर काढायला जे हलवावं लागेल ते हलवा, बाकी तुकडे जिथे आहेत तिथेच राहू द्या. योक कुठे थांबलाय, चावी कशावर आहे, सीटची पिन कोणत्या भोकात आहे, यावरून तपास करणारे उरलेलं शोधतात. हा तपास दोषी ठरवण्यासाठी नसतो. आंतरराष्ट्रीय करारात तो पुढचा अपघात टाळण्यासाठीच म्हटलाय. त्यामुळे घरच्यांनीही रुग्णालयात पोराला पहिला प्रश्न "तुझंच काही चुकलं काय?" असा विचारू नये. काय दिसलं, काय ऐकू आलं, ते त्याच दिवशी त्याच्याकडून लिहून घ्यावं. दुसऱ्या दिवशी आठवण लोकांच्या बोलण्याने बदललेली असते.

डिचोलीच्या मुलीकडे परत येऊ. तिने रांगेत बारा मिनिटं काढलीत, मिक्स्चर पूर्ण रिच, म्हणजे इंधन जास्त, ठेवून, कमी आरपीएमवर. परवानगी मिळते. सीट दोनदा आपटून पाहते, खट् ऐकते. थ्रॉटल आत. या विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे उभ्या विमानात २,२८० ते २,३८० आरपीएम हवा. इथल्या उन्हात थोडा कमी चालेल, सकाळी तिने २,२५० पाहिला होता. आता सुई २,१०० वर अडकलीय आणि बुडाखाली बारीक थरथर आहे. एअरस्पीडची सुई मात्र जिवंत आहे, वर सरकतेय. मागे रांग आहे. ती काळा गोळा ओढते, रेडिओवर सांगते, "स्टॉपिंग," आणि पुढच्या वळणाला बाहेर पडते.

मेकॅनिक काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडतो, खालचे प्लग काढतो. एका प्लगच्या फटीत शिशाचा करडा मणी बसलाय, मोहरीएवढा. एव्हीगॅसमधलं शिसं रिच मिश्रणात, थंड राहिलेल्या प्लगवर असंच साचतं. तो टोकदार पिकने मणी काढतो, प्लग घासतो, नवा वॉशर घालून बसवतो. १,७०० आरपीएमवर मॅग्नेटो तपासतात. पुस्तिका १२५ पर्यंतची घट आणि दोन्हींत ५० चा फरक चालवून घेते. डावीकडे ७०, उजवीकडे ६०. घड्याळात चाळीस मिनिटं गेलीत, वारा पश्चिमेला वळलाय, आणि ऊन उतरायला लागल्यामुळे तिला धावेचा हिशेब पहिल्यापासून पुन्हा करावा लागतो. ती पंखाखाली सावलीत बसून तो करते.